संशोधनाचा 'नांदेड-लातूर पॅटर्न'!

माहीत आहे का? ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच लातूरच्या मांजरा खोऱ्यात एकेकाळी चक्क पाणघोडे डुंबायचे!

ही बंडलबाजी नाही, पुरावा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हरवाडी परिसरात, मांजरेच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळाले. आणि एप्रिल २०१६ च्या दुष्काळात? मिरजेहून 'जलदूत' एक्स्प्रेस आली! पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी.

पाणघोडा ते पाणीगाडी. एकाच खोऱ्यात दोन पीएच.डी.चे विषय तयार!

बर्थडे असावा तर असा

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा वाढदिवस कधी असतो, सांगा पाहू? १७ सप्टेंबर! १९४८ मध्ये याच तारखेला निजामी राजवट संपली. १९९४ मध्ये याच तारखेला विद्यापीठ सुरू झालं. मुक्तीचा दिवस तोच ज्ञानाचा दिवस. टायमिंग बघा!

पसारा चार जिल्ह्यांचा: नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. मुख्य परिसर विष्णुपुरीला, उपपरिसर लातूरला. इथं विभागांना म्हणतात 'संकुलं'. भूशास्त्राचं संकुल, गणिताचं संकुल, भाषा-साहित्याचं संकुल, माध्यमांचंही संकुल. विषय कुठलाही घ्या, बसायला जागा आहे!

पहिल्या कुलगुरूंचा विषय ओळखा

शेती? दुष्काळ? चूक! डॉ. जनार्दन वाघमारे यांचा अभ्यास होता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसानं थेट हार्लेमशी नातं जोडलं. कुलगुरू होण्याआधी ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ज्याच्या जोरावर गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, तो 'लातूर पॅटर्न' याच कॉलेजमधून गाजला. पुढे ते राज्यसभेतही गेले.

किल्लारीनं नकाशा बदलला

आता थोडं गंभीर होऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप. हजारो माणसं झोपेतच गेली. हा भाग स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होणार नाही, असंच तोवर मानलं जायचं.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? जमिनीत तब्बल ६१७ मीटर खोल भोक पाडलं! वरचे ३३८ मीटर काळा बसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याखाली अवघा आठेक मीटरचा, लाव्हाच्याही आधीचा गाळ. आणि त्याखाली अतिप्राचीन खडक.

माहीत आहे का, भारताच्या भूकंप नकाशातून सर्वांत कमी धोक्याचा 'झोन १' कधी गायब झाला? २००२ मध्ये. किल्लारीचा परिसर तर थेट झोन ३ मध्ये गेला. एका गावानं देशाचा नकाशा बदलायला लावला.

जमीन बोलते तेव्हा

२००७ च्या सुमारास नांदेडकर एका प्रश्नानं हैराण होते: हा 'धडाम' आवाज येतो कुठून? स्फोट? अफवा? उत्तर निघालं सूक्ष्म भूकंप! धक्के जमिनीच्या अगदी उथळ थरात होत होते, म्हणून हादऱ्यासोबत आवाजही ऐकू यायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची (एनजीआरआय) भूकंपमापक यंत्रं नांदेडात येऊन बसली आणि अफवांची बोलती बंद झाली!

शेजारी मात्र 'सायलेन्स प्लीज'

याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, हिंगोलीच्या औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' वेधशाळा आकार घेतेय. दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. काम? कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी टिपणं. किती बारीक मोजमाप? प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकं! म्हणूनच 'सायलेन्स प्लीज'. जिथं ज्योतिर्लिंगाला घंटा वाजते, तिथंच विश्वाची कंपनं ऐकू येणार.

ढग कमी, ढगे भारी!

लातूर जिल्ह्याचा नकाशा लातूर जिल्ह्यातच कुठंही जमिनीवर पसरा. नकाशावरचा एक बिंदू नेमका स्वतःच्याच खऱ्या जागेवर पडतो. हमखास! अशा बिंदूंचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे फिक्स्ड पॉइंट थिअरी. आणि माहीत आहे का? याच शाखेत अहमदपूरच्या बी. सी. ढगे यांच्या नावाची प्रमेयं आहेत, 'ढगे इटरेशन मेथड' नावाची पद्धतही आहे. पाऊस रुसला तरी गणित बरसतंय!

गाईचा फेसकट बघा

देवणी आणि लाल कंधारी, गोवंशाच्या दोन नामांकित जाती. माहेर? लातूर-नांदेड! देवणीत पुन्हा तीन प्रकार. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, तो वानेरा. सगळी पांढरीशुभ्र, तो बालंक्या. पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे ठिपके, तो शेवरा. जाणता शेतकरी लांबूनच ओळखतो. पशुवैद्यकाचं कॉलेजही जवळच, उदगीरला.

नंबरी शेती

कापसाचं 'नांदेड-४४' ऐकलंय? परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रानं काढलेला हा संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. खुद्द परभणीची कमाल म्हणजे 'परभणी शक्ती'. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीनं २०१८ मध्ये आलेली, लोह आणि जस्त वाढवलेली ज्वारी. आणि सोयाबीनचा गाजलेला वाण कुठला? एमएयूएस-७१. हा 'माऊस' क्लिक नाही करत, थेट पिकतो!

लातूरचे राजे, वेरूळचं लेणं

वेरूळचं कैलास लेणं कोरवणारे राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. हे लट्टलूर म्हणजेच आपलं लातूर, असं अनेक इतिहासकार मानतात. देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं पाहा, कंधारला किल्ला पाहा. इतिहासाचा अभ्यासक इथं रिकाम्या हाती परतत नाही.

एका जिल्ह्यात किती भाषा?

नांदेड जिल्ह्यात मराठीसोबत तेलुगू, उर्दू, पंजाबी, बंजारा, गोंडी आणि कोलामीही कानावर पडते. कोलामी बोलणारे कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. त्यांच्या भागात, किनवटला, विद्यापीठाचं आदिवासी विकास व संशोधन केंद्र आहे. तिथल्या काही गावांत पाण्यातलं फ्लोराईड हाही संशोधनाचा विषय. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की दातांवर डाग, पुढे हाडांवर घाव. इथला एक चांगला प्रबंध म्हणजे एका गावाचं आरोग्य.

एक माणूस, सगळी संकुलं

नाट्यशास्त्र, मनुस्मृती, संगीत, राजकारण, समीक्षा, सगळं एकाच डोक्यात! नरहर कुरुंदकर, नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. 'इंटरडिसिप्लिनरी' हा शब्द फॅशनमध्ये येण्याआधी नांदेडनं तो जगून दाखवला.

तर विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पीएच.डी.चा विषय शोधताय? दुसऱ्याचा प्रबंध चाळण्याआधी आपल्या तालुक्याचा नकाशा उघडा. नदी, खडक, गाय, बोली, विहिरीचं पाणी, जे दिसेल त्याला प्रश्न विचारा. मराठवाड्यात पाण्याची टंचाई असेल, विषयांची अजिबात नाही. लागा कामाला!