अर्धशिशी : घरातल्या घरात सोसलेला आजार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया किती झाल्या, किती रुग्ण दाखल झाले, किती प्रसूती झाल्या, याचे तक्ते दिलेले असतात. देणगीदार व विश्वस्त ते आस्थेने पाहतात आणि ते योग्यच आहे. तथापि काही आजार असे आहेत की, त्यांचा रुग्ण सहसा खाटेवर दाखल होतच नाही. तो घरीच पडून राहतो, एक-दोन दिवसांनी उठतो आणि पुन्हा कामाला लागतो. तक्त्यात त्याची नोंद होत नाही. अर्धशिशी हा अशा आजारांपैकी एक प्रमुख आजार होय.

हा आजार दुर्मीळ आहे असे मात्र कोणी समजू नये. जगभरात सुमारे सात व्यक्तींमागे एकीला तो असल्याचे मानले जाते आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आढळते. आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यात घरोघरी जाऊन केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे 25 टक्के, म्हणजे चौघांत एक इतके होते. आपल्याकडील चित्र याहून फार वेगळे असेल असे मानण्यास कारण दिसत नाही.

आजार जुना, समज नवी

आपल्या पूर्वजांना हा आजार चांगलाच परिचित होता. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत ‘अर्धावभेदक’ या नावाने अर्ध्या डोक्याच्या वेदनेचे वर्णन आहे. मराठीतील ‘अर्धशिशी’ हे नावही तेच लक्षण सांगते. प्रत्यक्षात मात्र अनेकांचे दोन्ही बाजूंनी डोके दुखते. तेवढ्यावरून ती अर्धशिशी नव्हे असे म्हणता येत नाही.

डोक्यातील रक्तवाहिन्या प्रथम आकुंचन पावतात व मग फुगतात, म्हणून हे दुखणे उद्भवते, अशी समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ होती. आज हा मेंदू व चेतासंस्थेचा विकार मानला जातो. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. परंतु त्याच्यावरील आवरणांना व तेथील रक्तवाहिन्यांना वेदना जाणवते. चेहरा व डोके यांच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल ही चेता अर्धशिशीच्या वेळी उद्दीपित होते, तिच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे द्रव्य पाझरते आणि नाडीच्या ठोक्यागणिक ठणका सुरू होतो. या द्रव्याचे कार्य उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना 2021 साली डेन्मार्कचा ‘ब्रेन प्राइझ’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. या आजाराकडे झुकणारी मेंदूची प्रकृती पुष्कळदा आनुवंशिक असते; आईला अर्धशिशी असेल तर मुलीलाही ती असल्याचे वारंवार दिसते.

हे सारे येथे सांगण्याचा हेतू एवढाच की, ‘हिला काही झाले की डोके दुखते’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य अन्यायाचे आहे, हे कुटुंबीयांच्या ध्यानात यावे.

एका दिवसाचे चित्र

शहाड, आंबिवली, मोहने या परिसरातील बहुसंख्य घरे एका किंवा दोन खोल्यांची आहेत. घरातील पुरुष पहाटेची लोकल गाठून मुंबईच्या दिशेने गेलेला असतो, किंवा कारखान्याची पाळी करून येऊन झोपलेला असतो. मुलांचे डबे, पाण्याची वेळ, स्वयंपाक, आणि तशातच गृहिणीला सकाळपासून काहीसे जड वाटू लागते. वारंवार जांभया येतात, मान आखडते, चित्त थाऱ्यावर राहत नाही, एखादा गोड पदार्थ खावासा वाटतो. ही झटक्याची पूर्वसूचना होय. ती काही तास, क्वचित एक दिवस आधीही मिळते.

काही जणांना त्यानंतर डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात किंवा नजरेचा एक भाग पुसल्यासारखा होतो. हा प्रकार बहुधा पाच मिनिटे ते एक तास टिकतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या संथ गतीने सरकणाऱ्या एका लहरीमुळे तो घडतो. कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या अशा आकृत्या काढून 1941 मध्ये हा वेग गणिताने मांडला होता.

त्यानंतर मुख्य दुखणे सुरू होते. उपचार न झाल्यास ते चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत चालते. जिना चढला, वाकून केर काढला तरी ते वाढते. मळमळते, उलट्या होतात, उजेड डोळ्यांत खुपतो, कुकरची शिट्टी व शेजारच्या दूरदर्शन संचाचा आवाज असह्य होतो. फोडणीचा व उदबत्तीचा वासही सोसवत नाही. दुखणे ओसरल्यावरही एखादा दिवस अंगात त्राण नसते. म्हणजे एका झटक्यात तीन-चार दिवस सहज जातात. महिन्यातून दोनदा असे घडले तर त्या घराचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या वेळी घरी काय करावे

पहिली गोष्ट औषधाची. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखणे सुरू होताच, पूर्ण मात्रेत घ्यावी. ‘आधी थोडे सोसून पाहू, नाहीच थांबले तर अर्धी गोळी घेऊ’ हा आपल्याकडील संयम या आजारात उपयोगी पडत नाही. झटक्यात जठराची हालचाल मंदावते; उशिरा घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते किंवा उलटून पडते. म्हणूनच वेदनाशामकासोबत उलटी थांबवणारे औषधही पुष्कळदा दिले जाते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही नेहमीची औषधे होत. त्यांनी भागत नसेल तर सुमाट्रिप्टान व त्या गटातील औषधे आहेत. परंतु हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास अथवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांना ती चालत नाहीत. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण यांपैकी काहीही असल्यास कोणतीही गोळी मनाने घेऊ नये.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. अंधारी, शांत खोली सर्वोत्तम, हे खरे. परंतु एका खोलीच्या घरात ती आणायची कोठून? खिडकीवर जाड चादर टांगावी, दिवा मालवावा, डोळ्यांवर दुमडलेला ओला पंचा ठेवावा. मुलांना तासाभरासाठी शेजारी पाठवावे. गॅस बंद ठेवून त्या वेळचे जेवण बाहेरून किंवा शेजारून आणावे. कपाळावर व मानेवर थंड पाण्याची घडी ठेवल्याने अनेकांना आराम पडतो. लिंबाचे सरबत, ताक किंवा साधे पाणी घोट-घोट देत राहावे. झोप लागली तर उठवू नये; झोपेतून उठल्यावर दुखणे गेलेले असते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

डोके फडक्याने घट्ट बांधणे, कानशिले दाबणे, बाम लावणे या घरगुती उपायांनी बरे वाटत असेल तर ते अवश्य करावेत. सुंठीचा लेप फार वेळ ठेवल्यास कातडी पोळते, एवढे मात्र सांभाळावे. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा जुना उपाय आजही सांगितला जातो. त्याने आजार बरा होत नाही. परंतु पहाटे पोट रिकामे राहू न देण्यात मात्र तथ्य आहे.

गोळ्यांचा फास

वेदनेपेक्षा आम्हांला अधिक काळजी वाटते ती रोज गोळी घेण्याच्या सवयीची. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, किंवा सुमाट्रिप्टानसारखी अथवा संयुक्त वेदनाशामके दहा वा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. रुग्णाला वाटते की आजार वाढला. म्हणून तो आणखी गोळ्या घेतो. हा फास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावा लागतो.

याकरिता एक सोपा उपाय सुचवावासा वाटतो. मराठी घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. डोके दुखले त्या तारखेवर एक फुली मारावी आणि गोळी घेतली तर शेजारी एक टिंब द्यावे. पाळीचे दिवस, उपवास, जागरण हेही त्याच चौकोनात लिहावे. तीन महिन्यांची अशी पाने घेऊन रुग्ण आला, तर पुष्कळ तपासण्यांहून अधिक माहिती डॉक्टरांना मिळते.

झटका कशाने येतो

प्रत्येकाचे कारण वेगळे असते. चुकलेली न्याहारी, अपुरी अथवा अति झोप, मासिक पाळी, मनावरील ताण व तो ताण सुटल्यानंतरचा दिवस, वैशाखातील ऊन, तीव्र वास ही नित्याची कारणे होत. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत निराहार राहणाऱ्या अनेकींना रात्री ताटावर बसण्याआधीच झटका येतो. अशांनी उपवास सोडावाच असे नाही. दिवसभर पाणी, दूध, फळे घेत राहावे.

आपल्याकडील आणखी एका कारणाची नोंद मुंबईतील डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात केली. डोक्यावरून न्हाल्यानंतर अर्धशिशी उठणाऱ्या 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणे त्यांनी मांडली. लांब केस धुऊन ते बराच वेळ ओले राहणे ही आपल्या स्त्रियांची नित्याची गोष्ट असल्याने पाश्चात्त्य ग्रंथांत या कारणाचा फारसा उल्लेख नव्हता. ‘न्हाले की डोके दुखते’ असे सांगणाऱ्या आजीचे म्हणणे अशा रीतीने वैद्यकाच्या दप्तरी नोंदले गेले. रुग्णाचे बोलणे नीट ऐकून घेतल्यास काय साधते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

केव्हा घरी थांबू नये

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास ‘नेहमीचेच दुखणे’ समजून घरी सोसत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी वा तत्काळ रुग्णालय गाठावे : क्षणार्धात उठलेली, आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी. ताप व मान ताठ होणे. हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे वा झटके येणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. गरोदरपणात वा बाळंतपणानंतर सुरू झालेली तीव्र डोकेदुखी. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीचीही तपासणी लवकर करून घ्यावी. नेहमीचा झटका बहात्तर तासांनंतरही थांबत नसेल, किंवा उलट्यांमुळे पाणीही टिकत नसेल, तरी यावे.

डोळ्यांपुढे रेषा दिसणारी अर्धशिशी असणाऱ्या स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी हे लक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगावे. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे त्यांच्या बाबतीत पक्षाघाताचा धोका वाढतो.

सोसणे हा उपचार नव्हे

महिन्यातून चार वा अधिक दिवस असे जात असतील, तर झटके कमी करणारी प्रतिबंधक औषधे रोज घेता येतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझीन ही त्यांतील जुनी व स्वस्त औषधे होत. त्यांचा गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. आठवडाभरात ती सोडून देणारे रुग्णच अधिक. सीजीआरपीवर नेमका आघात करणारी इंजेक्शने 2018 पासून जगात उपलब्ध झाली आहेत. पण त्यांची किंमत सामान्य कुटुंबाला पेलणारी नाही.

या आजारासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. सविस्तर विचारपूस करण्याइतका डॉक्टरांचा वेळ, रक्तदाब मोजण्याचे साधन आणि सहा महिने पुरतील इतक्या साध्या गोळ्या यांवर बहुतेक रुग्णांचे भागते. देणगीतून उभ्या राहणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच मिळते. त्याचे फळ तक्त्यात दिसणार नाही. एखाद्या घरी आई महिन्यातील चार दिवस अंधारात पडून राहत होती, तिथे ती आता एकच दिवस पडून राहते, एवढाच तो फरक असतो. पण त्या घरातील मुलांना तो फार मोठा वाटतो.