ठमीचं वजन

पहाटे खुराड्याचं दार उघडलं की तेरा बदकं रांगेने बाहेर पडतात आणि मागे वळूनही न पाहता व्हाळाची वाट धरतात. चौदावी आतूनच ओरडते. बदकांमध्ये मोठा आवाज मादीचा. नर नुसता घोगरं खरखरतो. त्यामुळे ठमीची हाक समोरच्या घरापर्यंत जाते. “इलंय गो, इलंय,” म्हणत काकी वाकून आत हात घालतात.

कुडाळ तालुक्यातल्या या वाडीत काकींची एकरभर जागा आहे. थोडं भात, चार माड, कोंबड्या आणि अंड्यांसाठी पाळलेली बदकं. ठमीला उचलताना त्यांचा एक तळवा तिच्या छातीखाली जातो, दुसरा पंखांवर सैल राहतो. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचा पिंजरा हलला तरच हवा आत-बाहेर होते, म्हणून घट्ट आवळलेलं बदक प्रेमाने धरणाऱ्याच्या हातातही गुदमरतं. कोंबडी पाय धरून उलटी नेतात तसं तर इथे मुळीच चालत नाही. बदकाचा पाय तेवढा दणकट नसतो.

ठमीचा डावा पाय घोट्यापाशी बाहेर वळला आहे, आणि त्याची सुरुवात खाण्यात झाली. दोन वर्षांपूर्वी काकींनी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, बदकाची अठ्ठाविसाव्या; शेवटचा आठवडा ती बिचारी नुसती चुळबुळत होती. सहा पिल्लं निघाली. त्यांच्याखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि पुढ्यात कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य ठेवलं. दोन्ही गोष्टी गावोगाव होतात, आणि दोन्ही चुकीच्या. गुळगुळीत कागदावर कोवळे पाय फाकतात. खाद्याची गोम वेगळी आहे. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीच्या पिल्लाचं ३५च्या आत भागतं. हे ब-गटातलं जीवनसत्त्व ट्रिप्टोफॅनपासून अंगात तयार करण्यात बदक कोंबडीपेक्षा कच्चं आहे. ते कमी पडलं की घोटे सुजतात, पाय कमानीसारखे वाकतात.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खाद्यात यीस्टची पावडर मिसळायला सांगितली. पाच पिल्लं सावरली. ठमीच्या घोट्यावरची कंडरा मात्र खाचेतून सरकून बाजूला गेली होती. अगदी सुरुवातीला लक्षात आलं असतं तर ती जागेवर बसवून पाहता आली असती. ती वेळ टळली होती.

तेव्हापासून काकींचं भांडण चालू आहे ते पायाशी नव्हे, जमिनीशी. अंगण जांभ्याचं, खरखरीत. बदक दिवसभर छातीवर बसून राहिलं की छातीच्या हाडावरची कातडी सोलवटते, मग तिथे जखम होते. गोणपाट घालून पाहिलं, ते ओलं झालं की कुबट वास मारतं. नुसतं तूस डोळ्यांत आणि चोचीत जातं. शेवटी खाली जाड पेंढा आणि वर जुन्या टॉवेलची घडी, हे जमलं. बदकाची विष्ठा पातळ, त्यामुळे घडी दिवसातून तीनदा बदलायची. पावसाळ्यात टॉवेल वाळत नाहीत, तेव्हा ते चुलीवरच्या दोरीवर चढतात आणि ठमीला धुराचा वास येऊ लागतो.

चांगल्या पायाचंही दुखणं असतं. सगळा भार त्याच्यावर आल्याने गेल्या वर्षी उजव्या तळव्याला कुरूप झालं. कठीण जमिनीवर तळवा घासतो, चिरतो, त्यातून बहुधा स्टॅफिलोकोकस जिवाणू आत शिरतात आणि आत घट्ट पू साठतो. डॉक्टरांनी ते साफ केलं. पुढे काकींनी कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पाय शेकला, पट्टी बदलत राहिल्या. त्या दिवसांत मुलाने घरातली दुखण्याची गोळी चुरून द्यायचं सुचवलं. डॉक्टर त्याच्यावर उखडलेच. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे देशातली गिधाडं कशी संपत आली आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी कशी आली, हे त्यांनी त्याला तिथेच ऐकवलं. ठमीला मेलॉक्सिकॅम मिळालं, तेही आधी वजन करून, त्या हिशेबाने थेंब मोजून.

सकाळचा सोहळा टबातला असतो. पाणी इतपत की पाय तळाला टेकू नयेत. जमिनीवर एका कुशीला कलणारी ठमी पाण्यात पडल्याबरोबर सरळ होते. पाणी तिचं वजन उचलतं आणि वाकडा पाय वल्ह्यासारखा हलू लागतो. दिवसभरात त्या पायाला मिळणारा व्यायाम हाच. मान बुडवून ती डोळे आणि नाकपुड्याही धुऊन घेते, त्याशिवाय बदकाचे डोळे चिकटायला लागतात. वीस मिनिटं होत आली की काकींची नजर तिच्या पोटाकडच्या पिसांवर. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. बदक चोचीने ते तेल अंगभर लावतं म्हणून पाणी निथळतं. तोल सावरता येत नसल्याने ठमीची चोच सगळीकडे पोचत नाही. पिसं भिजून जड झाली की तिला बाहेर काढून पुसायचं. बदकाला पाण्यातून काढून कोरडं करणारी बाई, असं वाडीत कोणीतरी हसून म्हणालंच.

अमेरिकेत टेनेसी राज्यातलं बटरकप नावाचं बदक अशा अधू पायाच्या बदकांमध्ये प्रसिद्ध. २०१२ साली शाळेच्या प्रयोगशाळेत ते उलट्या पावलाचं जन्मलं, पुढे तो पाय कापावा लागला आणि २०१३ मध्ये त्रिमितीय छपाईने केलेल्या साच्यातून त्याला सिलिकॉनचा पाय मिळाला. नमुना म्हणून दुसऱ्या बदकाच्या पायाचे फोटो घेतले होते. मुलाने मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला तेव्हा काकींनी तो दोनदा पाहिला. पण बटरकपचा दोष पावलाचा होता, ठमीच्या घोट्यावरची कंडराच सरकली आहे. अशा व्हिडिओंत टॉवेलांची बादली सहसा दिसत नाही.

मोठा धोका घरातलाच निघाला. शेपटीवर वळलेली पिसं मिरवणारा नर एरवी सभ्य, पण माजावर आला की पळू न शकणारी मादी त्याला सोपी सापडते. एकदा टबातच त्याने तिची मान धरून तिला दाबलं. तेव्हापासून ठमीला बांबूच्या कुंपणापलीकडे वेगळा कोपरा आहे. एकटी ठेवली तर खाणं सोडते, म्हणून थकलेली एक जुनी बदकीण तिच्या सोबतीला असते.

काकी शाकाहारी नाहीत. याच कळपातली बदकं सणासुदीला त्यांच्या चुलीवर चढली आहेत. ठमीचं काय ते विचारणाऱ्यांना त्या सांगतात: खाते, पिसं विंचरते, हाक मारते, तोवर राहील. यातलं एकेक बंद व्हायला लागलं तर काय करायचं, हे त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं आहे.

बसून खाणारं अंग मात्र भराभर सुटतं आणि वाढलेला प्रत्येक ग्रॅम त्या एका पायावर येतो. म्हणून दर रविवारी तिला टोपलीत घालून नारळाच्या काट्यावर ठेवतात. भरडा मोजून, बाकी अझोला आणि मळ्यातल्या बारक्या गोगलगाई. गेल्या रविवारी टोपली वजा जाता ठमी १ किलो ८९० ग्रॅम भरली, आदल्या आठवड्यापेक्षा ६० जास्त. काकींनी कॅलेंडरवर आकडा लिहिला आणि संध्याकाळच्या भरड्यातली अर्धी मूठ काढून कोंबड्यांना टाकली.