वहीतला कोरा रकाना

आम्हा मेकॅनिकलवाल्यांना तिसऱ्या वर्षाला कॉस्टिंग शिकवतात. बहुतेक जण तो धडा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात, मीही त्यातलाच. पण एकदा सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: माल, मजुरी, वरखर्च. म्हणाले, ‘‘या तिन्हींतली एक ओळ जरी लिहायची राहिली, तर कारखाना कागदावर नफ्यात दिसतो आणि प्रत्यक्षात बुडत असतो.’’ सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मला मात्र त्या वेळी कारखाना आठवलाच नाही. आठवली ती आईची वही.

माझी आई सोलापूरला घरातच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. सोलापूरकडच्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ज्वारीची पातळ भाकरी थापून भाजायची आणि मग मंद आचेवर कापडाने दाबत दाबत ती पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. तिच्यातलं पाणी गेलं की बुरशीला जगायला काही उरत नाही, म्हणून ती कितीतरी दिवस टिकते. चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात कुटायचं. मिक्सरमध्ये त्याचा भुगा होतो. कुटल्यावर दाण्याचं तेल सुटतं, आणि सोलापुरी चटणीची सगळी चव त्या तेलात असते. हॉस्टेलवर माझ्या खोलीत हे पार्सल आलं की किती मित्र अचानक नोट्स मागायला येतात, ते मला चांगलं माहीत आहे!

बाबा यंत्रमागावर होते. तिथलं काम कमी झालं तेव्हा आईने हे सुरू केलं. मी तेव्हा सातवीत होतो आणि धाकटी बहीण पहिलीत. बाहेर नोकरीला जावं तर घरी मुलांकडे कोण बघणार? म्हणून घरातूनच धंदा. घरगुती उद्योग सुरू करणाऱ्या बहुतेक बायकांचं कारण हेच असतं. भांडवल नको, गाळा नको, तवा आणि शेगडी घरात आहेच. ‘घरातलंच तर आहे’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण पुढचा सगळा घोळ याच वाक्याने होतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी वर्क स्टडीचं जर्नल लिहायला घेतलं. कोणाचं तरी काम घड्याळ लावून मोजायचं होतं. म्हटलं, आईचंच मोजू. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून स्वयंपाकघराच्या दारात बसलो. आई म्हणाली, ‘‘काय मोजायलास रे? भाकऱ्या मोज, वेळ कशाला मोजतोस?’’

तिची वही उघडली. रोज १०० भाकऱ्या, दुकानदाराला ८ रुपयाला एक, म्हणजे ८०० रुपये. पीठ ८ किलो, दळणासकट ५५ रुपये किलोने ४४० रुपये. पिशव्या आणि लेबल ६० रुपये. बाकी ३००. आई इतकी वर्षं धरून चालली होती की रोज तीनशे सुटतात. वहीत गॅस नव्हता, कारण गॅस ‘घरचाच’ होता.

आता घरच्या गॅसबद्दल एक गोष्ट समजून घ्या. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो आणि तो घरच्या स्वयंपाकासाठीच द्यायचा असतो. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा असा नियम आहे. म्हणजे आईचा हा शून्य हिशोबातही चुकीचा होता आणि नियमातही. व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने मोजलं तर त्या दिवसांत १०० भाकऱ्यांमागे साधारण १४० रुपयांचा गॅस जळत होता. राहिले १६०.

मग मजुरी. एक भाकरी थापून भाजून व्हायला सरासरी २ मिनिटं, म्हणजे १०० भाकऱ्यांना ३ तास २० मिनिटं. पीठ मळणं, वाळवणं, पिशव्या भरणं, ओटा आवरणं यांचे २ तास १० मिनिटं. एकूण साडेपाच तास. १६० भागिले साडेपाच, म्हणजे तासाला २९ रुपये. आमच्या गल्लीतल्या एक मावशी लोकांकडे पोळ्या करायला जातात, त्यांना तासाला साधारण ५० रुपये पडतात. तेवढीच मजुरी आईची धरली तर साडेपाच तासांचे २७५ होतात. म्हणजे आईला तीनशेचा नफा वाटत होता तिथे धंदा रोज ११५ रुपये तोट्यात होता. हा तोटा कोणाला दिसत नव्हता, कारण तो आई स्वतःच्या अंगावर घेत होती.

आमच्या शेजारच्या काकू विड्या वळतात. सोलापुरात हे काम घराघरात चालतं. पानं आणि तंबाखू कारखान्याकडून येते, हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी मिळते, नापास विड्या कापून घेतात. काकूंना मजुरी मिळते पण नफा मिळत नाही. आईला नफा मिळतो असं वाटत होतं, पण मजुरी मिळत नव्हती. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी सारख्याच दमत होत्या.

मोजताना आणखी एक गोष्ट कळली, ती जर्नलपेक्षा महत्त्वाची. हे साडेपाच तास सलग नव्हतेच. पहाटे पाचपासून संध्याकाळी सहापर्यंत ते तुकड्यातुकड्यांनी पसरलेले होते. मध्येच नळाला पाणी आलं, मध्येच बहिणीचा डबा, मध्येच आजीचं औषध, मध्येच दारावर कोणीतरी. दर वेळी तवा थंड, दर वेळी पुन्हा तापवा. आपण वर्कशॉपमध्ये ज्याला सेट-अप टाईम म्हणतो तो हाच. त्यात ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाच्या पाण्याने मळलेला गोळा तसाच राहिला की कोरडा पडतो, थापताना कडेला चिरतो. म्हणजे मध्ये उठावं लागलं की नुसता वेळ जात नाही, मालही जातो. कारखान्यातल्या कामगाराला कोणी दर वीस मिनिटांनी मशीनवरून उठवत नाही. घरात काम करणाऱ्या बाईला सगळे उठवतात, कारण ती ‘घरीच असते’.

यावर उपाय काय? आम्ही कामाचे दोन भाग केले: हात अडकणारं काम आणि हात सोडता येणारं काम. भाकरी थापणं हे हात अडकणारं. ते दुपारी १ ते ४ या वेळात ठेवलं, तेव्हा बहीण शाळेत असते आणि आजी झोपलेली असते. पीठ एकदम न मळता दहा-दहा भाकऱ्यांपुरतं मळायचं. दाणे भाजणं, सोलणं, लसूण निवडणं, लेबल लावणं ही कामं मध्येच सोडून उठलं तरी बिघडत नाहीत. ती सकाळ-संध्याकाळच्या धावपळीत बसवली. पाणी येण्याच्या दिवशी भाकरी नाहीच, फक्त चटणी. यात नवीन यंत्र काही नाही, नुसतं वेळापत्रक आहे. पण १०० भाकऱ्यांचा जो वेळ होता, त्यात चांगलीच बचत होईल असं दिसायला लागलं.

हाच प्रश्न फार पूर्वी मुंबईत काही बायकांनी फार हुशारीने सोडवला होता. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतची कामाची पद्धत बघा. पीठ मळायचं काम शाखेत एका जागी होतं, त्यामुळे चव सगळीकडे एक. बायका सकाळी मळलेलं पीठ घरी नेतात, घरचं सांभाळत सवडीने लाटतात आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड शाखेत देतात. लाटण्याची मजुरी वेगळी मिळते, आणि शिवाय नफ्यात वाटाही असतो. सुरुवातीला मदत करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला होता: मालाचा दर्जा उतरू द्यायचा नाही आणि हिशोब चोख ठेवायचा. ‘घरचंच तर आहे’ असं म्हणून मजुरी सोडून दिली असती तर हे काम सात जणींच्या पुढे कधी गेलंच नसतं.

आईला हे सगळं सांगितलं. ती हसली. ‘‘घरच्या बाईची कसली मजुरी रे? पोरांसाठीच करते ना.’’ वहीत मी मजुरीचा रकाना आखून दिला होता, तो तिने तीन दिवस कोराच ठेवला. चौथ्या दिवशी बहिणीचा सहामाहीचा निकाल आला. गणितात ती कशीबशी पास झाली होती. आईने तिला रागावल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘‘मी रात्री पिशव्या भरते ना.’’ आम्ही सगळेच गप्प झालो. रोज पाऊण तास तिचा जात होता, आणि तो माझ्या स्टॉपवॉचमध्येही आला नव्हता, कारण मी फक्त आईला मोजत होतो. त्या रात्री आईने कोऱ्या रकान्यात पहिल्यांदा आकडा लिहिला.

भाव ८ वरून १० रुपये केला. एका दुकानदाराने माल बंद केला, दुसऱ्याने कमी केला. दोन दिवस घरात सुतकी वातावरण होतं आणि दोष अर्थातच इंजिनिअर होऊ घातलेल्या चिरंजीवांचा! १०० भाकऱ्यांच्या ८० झाल्या. पण आता हिशोब बघा. ८० गुणिले १०, विक्री तीच ८०० रुपये. पीठ ३५२, गॅस ११२, पिशव्या ४८, एकूण ५१२. राहिले २८८. वेळ साडेचार तास, त्यात पिशव्या भरणंही आलं. तासाला ६४ रुपये. आईची मजुरी २२५ बाजूला काढली तरी धंद्याचे म्हणून ६३ उरतात. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने भाकऱ्या मऊ पडून परत येतात, तेव्हा ते पैसे उपयोगी पडतात. मजुरीतले थोडे पैसे दर महिन्याला पोस्टात बहिणीच्या नावाने जातात. तिला पिशव्यांना हात लावायला आता बंदी आहे.

दुसरी गळती होती उधारीची. दुकानदार महिन्याने पैसे द्यायचे. जुन्या हिशोबाने रोजचा खर्च ६४०, महिन्याचे २६ दिवस धरले तर १६,६४० रुपये कायम बाहेर अडकलेले. म्हणजे आम्ही दुकानदारांना बिनव्याजी कर्ज देत होतो आणि गिरणीवाल्याकडे स्वतः उधार मागत होतो. आता नियम एकच: नवीन माल ठेवताना मागच्या मालाचे पैसे. जे खरंच विकतात त्यांची याला हरकत नसते.

कोणाच्या घरी असा उद्योग असेल किंवा सुरू करायचा असेल तर कागदपत्रांना घाबरू नका. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे, ती ऑनलाईन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. भांडवल हवं असेल तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पण या सगळ्याच्या आधी एक साधी वही करा आणि तिच्यात मजुरीचा रकाना आखा. कर्ज घेऊन तोट्याचा धंदा वाढवला तर तोटाच वाढतो.

हिशोब सगळा जुळला आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मी हॉस्टेलला परत निघालो तेव्हा आईने डबा भरता भरता विचारलं, ‘‘भाकरीची मजुरी लिहिली. आणि हा डबा, बाबांचा चहा, आजीचं पथ्य, ते कुठल्या रकान्यात लिहू?’’ मला उत्तर आलं नाही. सरांना विचारलं, तर तेही थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘‘त्याला आपल्या पुस्तकात धडा नाही.’’

असो. जाता जाता हॉस्टेलच्या मित्रांना एक विनंती. आपल्याला गेटपाशी डबा देणाऱ्या काकू, पुरणपोळीची ऑर्डर घेणाऱ्या ताई, दिवाळीला चिवडा-चकली पाठवणाऱ्या मावशी, या सगळ्यांच्या घरी अशीच एक वही असते. आपण ‘काकू, पुढच्या महिन्यात देतो’ म्हणतो तेव्हा ते पैसे कोणाच्या तरी मजुरीच्या रकान्यातून जातात. मीही मागच्या सेमिस्टरला दोन महिने डब्याचे पैसे थकवले होते. सुट्टीवरून आल्या आल्या पहिल्या दिवशी ते देऊन आलो. काकूंनी विचारलं, ‘‘काय रे, लॉटरी लागली का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही काकू, कॉस्टिंग शिकलो.’’