गाडीची नाडी : मागच्या काचेचं पाणी कुठे मुरतं?

गेल्या आठवड्यात वायपरच्या रबरांबद्दल लिहिताना मागचा वायपर मुद्दाम बाजूला ठेवला होता. त्याचं रबर क्वचितच तक्रार करतं. तक्रार असते ती त्याच्या पाण्याची. दांडी दाबली की वायपर इमानेइतबारे फिरतो, पण फवारा काही येत नाही, आणि काचेवरची माती नुसती इकडची तिकडे होते.

आधी एवढी माती मागेच का जमते ते पाहू. सेडानची मागची काच उतरती असते, त्यामुळे छतावरून येणारी हवा तिला बऱ्यापैकी धरून खाली सरकते. हॅचबॅकची किंवा एसयूव्हीची पाठ जवळजवळ उभी कापलेली. वेगात आलेल्या हवेला तिथे एकदम खाली वळता येत नाही, ती छताच्या कडेपाशीच सुटते आणि गाडीच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते. चाकांनी उडवलेला चिखल आणि धूळ भोवऱ्यांबरोबर या पोकळीत खेचली जाते आणि काचेवर बसते. म्हणून तर सेडानला सहसा मागचा वायपर नसतो आणि हॅचबॅकला तो लागतोच. श्रावणात कोकणात उतरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढची काच लख्ख असते आणि मागची लाल मातीने सारवलेली. अशा मातीवर कोरडा वायपर फिरवणं म्हणजे काचेवर पॉलिश पेपर घासणं. अर्धवर्तुळाकार बारीक ओरखडे पडतात आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे त्यांत फुटून दिसतात. तेव्हा फवारा बंद असेल तर मागचा वायपर वापरू नका, फडकं आणि बाटलीभर पाणी बरं.

आता पाण्याचा रस्ता. बहुतेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या काचेसाठी एकच टाकी असते, बॉनेटखाली किंवा बंपरच्या आड, दोन ते चार लिटरची. काही मोठ्या गाड्यांत मागची टाकी वेगळी, डिकीतच असते. गाडीबरोबर आलेली पुस्तिका एकदा उघडून बघा. ‘पुढे पाणी येतंय म्हणजे टाकी भरलेली आहे’ हा हिशेब अशा गाड्यांत फसतो. एकच टाकी असेल तर तिच्या बुडाशी छोटा पंप असतो. तिथून निघालेली बोटापेक्षाही बारीक नळी केबिनमध्ये शिरते, दाराच्या उंबऱ्याखालून किंवा छताच्या अस्तरामागून मागे जाते, डिकीच्या दरवाजात चढते आणि नोझलपाशी संपते. साधारण चार मीटरची नळी आणि आतून चार मिलिमीटर व्यास धरला, तर तिच्यात जेमतेम 50 मिलिलिटर पाणी मावतं. हे पाणी दर वेळी टाकीत परत उतरू नये म्हणून वाटेत एकाच दिशेने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. दांडी दाबल्यावर बऱ्याच वेळाने फवारा येत असेल, तर तो व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय असं समजा. बंदच अडकला तर फवारा येणारच नाही.

फवारा येत नाही असं सांगितलं की गॅरेजमध्ये पहिलं उत्तर मिळतं, ‘पंप गेलाय, बदलावा लागेल.’ पंप जातोही. पण आधी कान वापरा. इंजिन बंद, चावी मात्र ऑनवर. एकाने मागच्या फवाऱ्याची दांडी दाबायची, दुसऱ्याने पुढच्या चाकापाशी वाकून ऐकायचं. बारीक घुंईऽऽ असा आवाज आला की मोटर फिरतेय. टाकीत पाणी असेल, मोटर फिरत असेल आणि काच कोरडी असेल, तर पाणी एक तर वाटेत अडलंय किंवा भलत्याच ठिकाणी सांडतंय. आणि सांडत असेल तर काचेपेक्षा त्या सांडण्याची काळजी करा.

आवाजच नसेल तर काम विजेचं आहे. फ्यूज बघा, पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. मग पंपाचं प्लग काढून, कोणी दांडी दाबलेली असताना, मल्टिमीटरने 12 व्होल्ट येतात का ते पाहायचं. येत असतील तर पंप खरोखरच गेला. येत नसतील तर दांडीतला स्विच किंवा वायर, आणि शहरात राहत असाल तर उंदीर. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरलेला उंदीर वायरी तर कुरतडतोच, पाण्याच्या नळीलाही सोडत नाही.

एक गुंता मात्र समजून घेण्यासारखा आहे. कित्येक गाड्यांत पुढचं आणि मागचं पाणी एकच पंप देतो. त्याला तोंडं दोन असतात. मोटर एका दिशेने फिरली की पुढच्या काचेला पाणी, उलट फिरली की मागच्या. दांडी फक्त वीजप्रवाहाची दिशा बदलते. आत एक रबरी पडदा असतो. ज्या बाजूला दाब वाढतो तिथून तो सरकतो आणि दुसरं तोंड बंद करतो. या पडद्याखाली गाळ बसला किंवा तो फाटला, की मागचं बटण दाबल्यावर पुढच्या काचेवर पाणी ओघळतं. हे लक्षण दिसलं तर मागच्या नोझलशी खटपट करत बसू नका, पंप बाहेर काढा. बंपरचं काम करून आलेल्या गाडीत दोन नळ्यांची अदलाबदल झालेली असण्याचीही शक्यता असते. तेव्हा पुढचं पाणी मागे आणि मागचं पुढे पडतं, आणि मालक स्विचला दोष देत राहतो.

मोटर फिरतेय आणि पाणी येत नाही, या प्रकाराचा पहिला संशयित म्हणजे डिकीच्या बिजागरीपाशी दिसणारा काळा, चुण्या असलेला रबरी बूट. डिकी उघडली की छत आणि दरवाजा यांच्यामध्ये तो दिसतो. डिकीच्या दिव्याच्या, वायपरच्या, काच गरम करणाऱ्या तारांच्या, सगळ्या वायरी त्यातून जातात, आणि त्यांच्यासोबत पाण्याची नळीही. डिकी जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा हे सगळं वाकतं आणि सरळ होतं. वर्षानुवर्षं उन्हाने कडक झालेली नळी एके दिवशी तिथेच चिरते, किंवा जोडातून निसटते. बुटाचं एक टोक बोटांनी हलकेच दाबून पत्र्यातून बाहेर काढा आणि मागे सरकवा. आतली नळी कोरडी आणि सलग दिसली तर ठीक. पण बुटातून पाणी गळलं, वायरींची टेप ओली लिबलिबीत लागली, तांब्यावर हिरवट पूड दिसली, तर गळती सापडली. फवारा न येणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त नुकसान. त्या पाण्याने आधी डिकीचा दिवा मिचमिचतो, मग लॉक उघडेनासं होतं, आणि त्या दोन्हींचा संबंध काच धुण्याच्या पाण्याशी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

नळी छताच्या अस्तरामागे सुटली असेल तर पाणी मागच्या सीटच्या वर डाग होऊन उमटतं. उंबऱ्याखाली सुटली तर पायाखालचा गालिचा ओला होतो आणि गाडीत कुबट वास येतो. हा वास एसीचा समजून त्याची सफाई करून घेणारे लोक असतात. गालिचा उचलून हात लावायला एक मिनिट लागतं, तेवढं आधी करावं.

आता नोझल. ते बहुधा छताच्या मागच्या कडेला, ब्रेकच्या तिसऱ्या दिव्याजवळ असतं. काही गाड्यांत वायपरच्या खुंटीच्या मधोमध. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी टाकीत भरणाऱ्यांचं नोझल हटकून चोंदतं. पाणी सुकतं, क्षार मागे राहतात, आणि बारीक भोकाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. गाडीला मेण लावून पॉलिश केल्यानंतरही हेच होतं. खपली पातळ सिरक्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करा, रंगावर सिरका राहू देऊ नका, मग बारीक सुईने भोक मोकळं करा. पण सुई आत ढकलायची नाही, खपली उचकटायची आहे. आत ढकललेला कण पुढच्या दाबाला परत तोंडाशी येतो. पंख्यासारखा फवारा मारणारं नोझल असेल तर त्याला सुई लावूच नका, आतली बारीक नक्षी मोडली की फवारा कायमचा वाकडा. हवेचा कंप्रेसर वापरायचा असेल तर आधी नळी नोझलपासून वेगळी करा. नाही तर दाब उलट्या दिशेने जाऊन छतामागचा एखादा जोड उडेल, आणि एका बिघाडाचे दोन होतील.

खुंटीतून पाणी येणाऱ्या गाड्यांत आणखी एक धोका असतो. तिथलं सील झिजलं की पाणी काचेवर जाण्याऐवजी वायपरच्या मोटरमध्ये उतरतं. फवारा आणि वायपर थोड्याच दिवसांच्या अंतराने बंद पडले तर आधी याची शंका घ्या.

टाकीत काय भरावं यावर आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. आरओचं शुद्ध पाणी चालेल. भांडी घासायचा साबणही नको, तो सुकून चिकट थर धरतो. काच धुण्यासाठी मिळणारं द्रावण बाटलीवर लिहिलंय तेवढं मिसळावं. याला काचेपलीकडचंही कारण आहे. नुसत्या साध्या पाण्याची टाकी उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत कोमट राहते, तिच्यात बुळबुळीत थर धरतो आणि पंपाची जाळी बंद होते. इंग्लंड आणि वेल्समधल्या एका अभ्यासात, जो 2010 साली प्रसिद्ध झाला, असं साधं पाणी वापरणाऱ्या गाड्यांचा आणि लिजिओनेला या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा संबंध दिसून आला. त्या तुषारांत श्वास घेणारे आपणच असतो, उघड्या खिडकीने.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी डिकी पाच-सहा वेळा उघडझाप करून पुन्हा फवारा मारून पाहा, आणि त्या वेळी कोणाला तरी बुटापाशी हात लावून उभं करा. नळी सरळ असताना टिकणारा जोड वाकल्यावर टिकेलच असं नाही. नवी नळी टाकताना बिजागरीपाशी थोडी ढील ठेवायला सांगा; मेकॅनिकने मोजून ताणून बसवलेली नळी दिसायला नीटनेटकी असते, पण पुढच्या उन्हाळ्यात तीच आधी सुटते.

पुढच्या आठवड्यात : मागची काच गरम करणाऱ्या तांबूस रेषा, आणि फिल्म काढताना त्या का तुटतात.