गच्चीवरचं ऊन, दारातली गाडी

चैत्र-वैशाखातलं ऊन वाया जाऊ द्यायचं नाही, हे पुण्याच्या बायकांना कुणी शिकवायला नको. पापड, सांडगे, कुरडया, वर्षाची मिरची यांनी गच्ची कशी भरून जाते! आता त्याच उन्हावर दारातली मोटार चालवायची, अशी बोलणी घराघरांतून ऐकू येतात. बोलणी बहुधा पुरुषमंडळींची. पण पैसे घरातलेच जायचे, तेव्हा हिशेब आपल्यालाही कळायला हवा.

आधी गाडी ओळखा. नुसत्या ‘हायब्रिड’ शब्दावर जाऊ नका. टोयोटाची हायक्रॉस किंवा मारुतीची ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड गाड्यांना घरच्या प्लगवर लावायची सोय नाही. त्यांची बॅटरी गाडी चालता चालताच भरते. ‘प्लग-इन हायब्रिड’ निराळी. तिला पेट्रोलची टाकी असते आणि घरच्या विजेवर भरणारी मोठी बॅटरीही. गावातल्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या फेऱ्या विजेवर, महाबळेश्वरला जायचं तर पुढे पेट्रोलवर! पुण्याला ही कल्पना नवी नाही. केपीआयटी कमिन्स या इथल्याच कंपनीने 2010 साली ‘रेव्होलो’ नावाचा संच दाखवला होता. जुन्या गाडीला मोटर आणि बॅटरी जोडायची, ती घरच्या प्लगवर भरायची. तो काही घरोघरी पोचला नाही. आजवर प्लग-इन हायब्रिड आपल्याकडे आल्या त्या मुख्यतः महागड्या परदेशी गाड्यांत. म्हणून मध्यमवर्गी घरात निवड होते ती निव्वळ विजेच्या गाडीची. उन्हाचा हिशेब मात्र दोघींचा सारखाच.

हिशेब युनिटांचा

समजा, कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणं साधारण 30 किलोमीटर. विजेची गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे दिवसाला पाच युनिटं, थोडी गळती धरून साडेपाच. महिन्याचे 25 दिवस धरले तर जवळजवळ 140 युनिटं. घराचा वापर 200 असेल तर एकूण 340. इथेच मेख आहे! महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो, 300 नंतर आणखी चढतो. गाडीची युनिटं या चढ्या दरावर जाऊन बसतात.

आता उत्पन्न. एक किलोवॉटच्या पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर ती दिवसाला चारेक युनिटं देतात. तीन किलोवॉट बसवले की महिन्याला साधारण 360. घर आणि गाडी दोन्ही भागतात! खर्च अनुदानापूर्वी दीड ते दोन लाखांच्या आसपास. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान ठरलं. ऑर्डर देण्यापूर्वी त्या वेळचे नियम तेवढे विचारून घ्या.

दिवसा ऊन, रात्री गाडी

तुम्ही म्हणाल, ऊन दुपारी आणि गाडी तर दुपारी ऑफिसात. मग? यावर तोड म्हणजे नेट मीटर. दुपारची जादा वीज महावितरणकडे जमा होते, रात्री गाडी लावली की ती वळती होते. भिशीसारखंच! मे महिन्यातली शिल्लक श्रावणात कामी येते, कारण पावसाळ्यात पॅनेलं निम्म्यावर येऊ शकतात. 31 मार्चला मात्र खातं मिटतं, आणि उरलेल्या युनिटांना आपण भरतो त्यापेक्षा कमी दर मिळतो. म्हणून गरजेपेक्षा फार मोठी पॅनेलं बसवू नयेत.

आणखी एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही. वीज गेली की ही साधी पॅनेलंही बंद पडतात, मग बाहेर कितीही लख्ख ऊन असो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठीच ही व्यवस्था असते. वीज गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर वेगळी बॅटरी लागते आणि खर्च वाढतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण निराळी, कारण गच्ची सगळ्यांची. तिथे विषय सोसायटीच्या सभेतच काढावा. जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट आणि गाड्यांचं चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी त्याच योजनेत सोसायट्यांना किलोवॉटमागे 18,000 रुपये ठेवले आहेत.

आणि बाई, वायरिंगशी खेळ नको! गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, 15 अँपिअरचा चांगला प्लग, नीट अर्थिंग आणि विजेचा धक्का टाळणारा स्विच हवाच. खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. पॅनेलांवरची धूळ सकाळी, ती तापण्याआधी, साध्या पाण्याने पुसावी.

मग आधी काय घ्यावं? आमचं सांगणं सरळ आहे: आधी पॅनेलं, गाडी मागून. पॅनेलं पहिल्या महिन्यापासून घराचं बिल उतरवतात. उन्हाच्या मोहाने धडधाकट गाडी विकून नवी घेण्याची घाई नको. जुनी गाडी बदलायचीच वेळ येईल तेव्हा प्लगवाली बघा. मात्र पॅनेलं बसवतानाच आणखी एका किलोवॉटची जागा राखून ठेवा. आणि आज संध्याकाळपासून एक वही घाला: गाडीचे रोजचे किलोमीटर आणि मीटरचा आकडा. महिनाभराने विक्रेता आला की बोलणं तुमच्या वहीवरून होऊ द्या, त्याच्या छापील माहितीपत्रकावरून नको.