फुलेवाड्यात अजूनही लग्नं लागतात

पुण्याच्या गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा दिसायला अगदी साधा आहे. उतरती कौलं, ओसरी, लाकडी खांब. नाव वाडा असलं, तरी सरदारी थाट कुठेच नाही. पण 11 एप्रिलला जयंतीला आणि 28 नोव्हेंबरला स्मृतिदिनाला इथे पाय ठेवायला जागा नसते. गावोगावहून माणसं येतात आणि बहुतेकांची पावलं आधी मागच्या तुळशी वृंदावनाकडे वळतात.

धर्मसत्तेशी आयुष्यभर भांडलेल्या माणसाच्या घरी तुळशी वृंदावन कसं, असं पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं. आपला देह दहन न करता मिठात घालून घरामागे पुरावा, असं जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. 1890 मध्ये ते गेले तेव्हा नगरपालिकेने राहत्या वस्तीत परवानगी नाकारली. शेवटी दहनच करावं लागलं. अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, म्हणजे टिटवं, कोणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन पुढे झाल्या. नंतर अस्थी घरी आणून इथेच ठेवल्या. त्यावर हे वृंदावन आहे.

याच घराचा पाण्याचा हौद जोतीरावांनी 1868 मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं.

मला मात्र या वास्तूचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं ते इथे आजही लागणाऱ्या सत्यशोधक लग्नांत. जोतीरावांचा सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 ला स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह पुण्यात लागला. खर्च विड्यासुपारीचा आणि हारांचा. भटजी नाही, मुहूर्त नाही. वधूवरांनी सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल अशा मराठीत एकमेकांना शब्द द्यायचा. जोतीरावांनी त्यासाठी मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू वराला स्त्रियांच्या हक्कांबद्दल जाब विचारते आणि वराला उत्तर द्यावं लागतं. पुरोहिताविना लग्न लावलं म्हणून ओतूर गावच्या लोकांवर दक्षिणेसाठी खटला झाला आणि तो थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आज फुलेवाड्यात एखादं जोडपं जोतीराव-सावित्रीबाईंना साक्षी ठेवून शपथ घेतं, तेव्हा त्यामागे ही सगळी झुंज असते. काचेच्या कपाटात एखादी पगडी पाहून हे कळलं नसतं.

28 नोव्हेंबर 2024 ला, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, कामगार नेते बाबा आढाव याच वाड्यात आत्मक्लेश उपोषणाला बसले. त्यांच्या मागणीबद्दल कुणाचं काहीही मत असो, सत्तेला प्रश्न विचारायला त्यांना हीच जागा आपली वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता हा वाडा आणि जवळचं सावित्रीबाईंचं स्मारक जोडून परिसर मोठा करायची योजना आहे. गर्दी पाहता जागा हवीच. पण ती आखताना ग्रॅनाइट आणि कारंज्यांआधी माणसांना बसायला, सभा घ्यायला, लग्न लावायला मोकळं अंगण ठेवा, एवढी विनंती आहे. आणि वाचकहो, पुण्यात कधी आलात तर शनिवारवाड्याबरोबर गंज पेठेसाठीही तासभर काढा. शक्यतो 11 एप्रिललाच या, मुलांना घेऊन.