सूडाच्या कारवाईपासून संरक्षण : अमेरिकेतील संघीय व राज्य कायदे

वंश, धर्म, लिंग इत्यादींवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध तक्रार करणाऱ्या नोकरावर मालकाने सूड उगवणे अमेरिकेच्या १९६४ च्या संघीय नागरी हक्क कायद्याने निषिद्ध आहे. परंतु हा कायदा किमान १५ नोकर असलेल्या मालकासच लागू होतो. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात ही मर्यादा ५ आहे. अर्थात दहा नोकरांच्या दुकानातून काढलेल्या तक्रारदारास पहिल्याचा आधार नाही, दुसऱ्याचा आहे.

पुराव्यातही भेद आहे. सूडबुद्धी नसती तर नोकरी गेलीच नसती, हे या संघीय कायद्याखाली वादीनेच सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. उलटपक्षी, कायदेभंग उघडकीस आणणाऱ्या नोकराने सूड हे एक कारण असल्याचे दाखविल्यास कॅलिफोर्नियात पुढील भार मालकावर पडतो. सारांश, संघीय कायदा हा पाया होय. त्यावरील बांधकाम राज्यागणिक भिन्न असते.